बाटलीतली साक्ष

रिद्धपूरच्या श्रोत्यांपुढे साक्षीपुराव्याविषयी बोलायचे म्हणजे थोडा संकोच वाटतो. म्हाइंभटांनी ज्याने पाहिले-ऐकले त्यालाच गाठून लीळा मिळवल्या, हे या गावाला आम्ही काय सांगावे! आज बोलायचे आहे ते एका मुक्या साक्षीदाराविषयी. शवचिकित्सेच्या वेळी काढून ठेवलेल्या रक्ताच्या बाटलीविषयी.

आमची शाळा म्हणजे जिनिंगचे आवार. पुष्कळ वर्षांपूर्वी ऐन मे महिन्यात एक हमाल कापसाच्या गंजीवरून पडून मेला. प्रेताची तपासणी दीड दिवसाने झाली. अहवालात मद्यार्क निघाला. मालक म्हणाले, प्यायला होता. बायको म्हणाली, "भाऊ, तो कधी थेंबही घेत नव्हता." आम्हांला वाटले, दोघांपैकी एक खोटा. पुढे वाचन केल्यावर कळले की, अहवाल खरा आणि बाईही खरी, असे घडू शकते.

मोहाचा सडवा कसा आंबतो, हे आपण जाणतो. साखर, ऊब आणि सूक्ष्म जंतू एकत्र आले की मद्यार्क तयार होतो. मृत्यूनंतर शरीरातही हेच घडते. आतड्यातले जंतू आणि किण्व रक्तात पसरतात व तिथल्या साखरेवर जगतात. वऱ्हाडचा उन्हाळा, वेळ आणि पोटावरची जखम यांनी हे काम वाढते. बहुधा प्रमाण थोडे असते, पण नेहमीच नाही.

बाटलीत भरल्यावरही हे थांबतेच असे नाही. म्हणून रक्तात शेकडा एक ते दोन या प्रमाणात सोडियम फ्लोराइड घालतात आणि बाटली सुमारे ४ अंशांच्या थंडाव्यात ठेवतात. जंतूंचे काम त्यामुळे मंदावते. मात्र बाटलीत येण्यापूर्वी जे बनले, ते फ्लोराइडने नाहीसे होत नाही. उलट बाजूही आहे. बूच सैल असेल, बाटली अर्धी रिकामी असेल, उष्ण जागी पडून राहिली असेल, तर मद्यार्क उडून किंवा विघटित होऊन कमी होतो. मग प्यायलेलाही कोरडा दिसतो. जिवंत माणसाच्या रक्ताचा नमुना सात दिवसांत पोचावा, असे १९५९ च्या मुंबई दारूबंदी नियमांनी सांगितले, ते उगीच नव्हे.

मग खरे कसे ओळखावे? एकट्या बाटलीवर विसंबू नये. हृदयाऐवजी मांडीच्या शिरेतले रक्त घ्यावे. डोळ्यातला द्रव व लघवी यांच्याशी ताडून पाहावे. प्यायलेल्या दारूपासून यकृतात इथाइल ग्लुकुरोनाइड व इथाइल सल्फेट बनतात. कुजण्यातून आलेल्या मद्यार्काबरोबर ते सहसा सापडत नाहीत.

प्रत्येक अहवाल खोटा, असे आमचे म्हणणे नाही. दारूने मेलेल्यांनाही आम्ही खांदा दिला आहे. पण एका आकड्यावर संसार उभा राहतो किंवा मोडतो. १९२३ च्या कामगार नुकसानभरपाई कायद्यात १९३३ पासून, आणि पुढे २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेतही, मृत्यू झाला असता नशेची सबब मालकाला चालत नाही. हे ठाऊक नसल्याने कित्येक विधवा गप्प बसतात. शेतकऱ्याच्या अपघाती मृत्यूबद्दल सरकार जे दोन लाखांचे सानुग्रह अनुदान देते, त्यात मात्र नशेची अट आडवी येते.

तेव्हा अहवाल हाती आला की लेखी विचारा: मृत्यू केव्हा, तपासणी केव्हा? रक्त कोठून काढले? फ्लोराइड घातले होते काय? बाटली थंडीत होती की कपाटात, आणि अमरावतीच्या प्रयोगशाळेत मोहोरबंद पोचली ती किती दिवसांनी? साक्षीदार मुका असला, तरी तो कोणाच्या हातून आला, एवढे विचारण्याचा हक्क आपला आहे.