लेण्याद्रीच्या पायऱ्या उतरताना गुडघा का कुरकुरतो? व्यायामातील काही शब्दांची ओळख

लेण्याद्रीच्या तीनशेच्या आसपास पायऱ्या चढताना दम लागतो, पण दुसऱ्या दिवशी मांड्या दुखतात त्या मुख्यतः उतरल्यामुळे. हे सांगितले की बरेच जण हसतात. उतरायला कसले आले आहेत कष्ट, असे आपल्याला वाटते. लेणी पाहायला आलेल्या तरुणांच्या सहलीत हा विषय गमतीवारी जातो. पण जुन्नर-आंबेगावात पोलीस भरतीची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी तो गमतीचा नाही.

शिपाई भरतीची मैदानी चाचणी ५० गुणांची असते. मुलांना १६०० मीटर धावण्याचे २० गुण, १०० मीटरचे १५ आणि गोळाफेकीचे १५. मुलींना १६०० ऐवजी ८०० मीटर. मागासवर्गीय उमेदवाराला वयाच्या ३३ व्या वर्षापर्यंतच संधी. अशात चाचणीच्या दोन महिने आधी गुडघा धरला, की ती भरती हातची गेलीच म्हणून समजा. मैदानावर "हिप उघड", "कोअर टाइट ठेव", "गुडघा आत जाऊ देऊ नको" अशा सूचना मिळत असतात. त्यांचा अर्थ मात्र क्वचितच कोणी सांगतो आणि विचारायला आपल्यालाही संकोच वाटतो.

हालचालींना नावे देणे आपल्याला नवीन नाही. सतिपट्ठान सुत्तात चालणे, उभे राहणे, बसणे, आडवे होणे यांच्याबरोबर अवयव आखडणे आणि पसरणे यांचाही वेगळा उल्लेख येतो. पालीत त्यासाठी समिञ्जित आणि पसारित असे शब्द आहेत. जिममधले फ्लेक्शन आणि एक्स्टेन्शन ते हेच. (उद्देश वेगळा, हे मान्य. तिथे सजगता साधायची आहे, इथे गोळा लांब टाकायचा आहे.)

कोपर किंवा गुडघा दुमडला की फ्लेक्शन, सरळ केला की एक्स्टेन्शन. हात किंवा पाय शरीराच्या मध्यरेषेपासून बाजूला नेला तर अ‍ॅबडक्शन, परत जवळ आणला तर अ‍ॅडक्शन. सांधा किंवा धड स्वतःभोवती फिरले की रोटेशन. घोट्याचे शब्द थोडे वेगळे आहेत: पाऊल नडगीकडे ओढले की डॉर्सिफ्लेक्शन आणि टाच उचलून चवड्यावर उभे राहिलो की प्लान्टर फ्लेक्शन. एवढे शब्द पाठ असले तरी प्रशिक्षकाचे निम्मे बोलणे कळू लागते.

आता पुन्हा पायऱ्यांकडे येऊ. चढताना मांडीचा पुढचा स्नायू, म्हणजे क्वाड्रिसेप्स, आखडतो आणि गुडघा सरळ करून आपल्याला वर उचलतो. स्नायू आखडत जोर लावतो तेव्हा त्या कामाला कॉन्सेंट्रिक म्हणतात. उतरताना उलटे घडते. एक पाय खालच्या पायरीकडे जात असतो, तेव्हा वरच्या पायाचा गुडघा हळूहळू दुमडत असतो. त्या वेळी तोच क्वाड्रिसेप्स लांबत जातो, पण लांबता लांबताच शरीराचा भार धरून ठेवतो. त्याने धरले नाही तर आपण धाडकन खाली येऊ. हे एक्सेंट्रिक काम, थोडक्यात ब्रेक लावण्याचे काम. त्यात दम कमी लागतो, पण सवय नसलेल्या स्नायूच्या तंतूंना बारीक इजा होते. म्हणून दुखणे लगेच येत नाही, एक ते तीन दिवसांत येते आणि आपोआप जाते. (भिंतीला पाठ टेकून खुर्चीसारखे बसून राहिलो, तर स्नायू जोर लावतो पण सांधा हलत नाही. ते आयसोमेट्रिक.)

गुडघ्याच्या वाटीभोवतीचे दुखणे मात्र वेगळे. गुडघा जितका दुमडलेला असताना भार घेतो, तितकी वाटी मांडीच्या हाडावर जास्त दाबली जाते. त्यात गुडघा आत झुकत असेल तर वाटी सरळ सरकत नाही. तो आत झुकण्याचे कारण बहुधा गुडघ्यात नसतेच. पाय बाजूला नेणारे कुल्ल्याचे स्नायू, म्हणजे अ‍ॅबडक्शन करणारे, कमजोर असतात. पोटऱ्या आवळलेल्या असतील आणि घोट्यात डॉर्सिफ्लेक्शन कमी मिळत असेल, तरी हेच होते. "गुडघा आत जाऊ देऊ नको" या ओरडण्यामागे एवढे सगळे आहे.

उपायासाठी मशीन लागत नाही. घराच्या एका बुटक्या पायरीवर एका पायाने उभे राहा आणि दुसऱ्या पायाची टाच तीन मोजत खाली टेकवा. गुडघा पावलाच्या दुसऱ्या बोटाच्या रेषेत ठेवा. सुरुवातीला प्रत्येक पायाने आठ-दहा वेळा, एक दिवसाआड, एवढे पुरे. पहिल्याच दिवशी शंभर करून फुशारकी मारणारा तिसऱ्या दिवशी मैदानावर दिसत नाही. गुडघ्याला सूज आली, तो अडकू लागला किंवा दुखणे आठवडाभर टिकले, तर मात्र व्यायाम थांबवून डॉक्टरांना दाखवा.

दुसरा महत्त्वाचा शब्द तरफ. नारायणगावच्या टोमॅटो बाजारात साधारण २० किलोचे क्रेट उचलणाऱ्यांना तो रोज अनुभवायला मिळतो. क्रेट कंबरेच्या मणक्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरला आणि पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम ५ सेंटिमीटरवर असले, तर अंतर दहापट. म्हणजे त्या २० किलोसाठी पाठीला सुमारे २०० किलोइतका जोर लावावा लागतो. वाकलेल्या धडाचे वजन वेगळेच. क्रेट अंगाजवळ, २५ सेंटिमीटरवर आणला की तोच जोर १०० किलोवर येतो. "वजन अंगाला चिकटवून उचल" ही हमालांची जुनी शिकवण म्हणजे हेच गणित.

गोळाफेकीत मुलांचा गोळा ७.२६० किलोचा, मुलींचा ४ किलोचा. नुसत्या हाताने तो ढकलणारे खांदा दुखवून घेतात. जोर जमिनीतून यावा लागतो. आधी घोटा, गुडघा आणि नितंबाचा सांधा एकदम सरळ होतात, म्हणजे तिन्हींचे एक्स्टेन्शन. मग धडाचे रोटेशन, मग कोपराचे एक्स्टेन्शन आणि शेवटी मनगटाचा झटका. हा क्रम उलटला की पायांचा जोर वाया जातो. गोळा खांद्याच्या उंचीवरून सुटतो आणि त्याहून खाली, जमिनीवर पडतो. म्हणून तो ४५ अंशांपेक्षा थोडा कमी कोनात सोडला तर लांब जातो.

धावताना प्रत्येक पावलाला जमीन आपल्या वजनाच्या दोन ते तीन पट जोराने उलट ढकलते. पाऊल शरीराच्या फार पुढे टाकले तर हाच जोर ब्रेक बनतो. १६०० मीटरमध्ये लांब ढांगा टाकणारे शेवटच्या फेरीत मागे पडतात, त्यामागे बऱ्याचदा हेही असते. पावले थोडी आखूड आणि भरभर टाकून पाहा.

आणि लेण्याद्रीला सरावासाठी गेलात तर वर पोहोचल्यावर पोटऱ्या ताणायला पायरीची कड वापरा. चैत्यगृहाच्या खांबांना रेटा देऊन स्ट्रेचिंग करू नका, ते खांब सुमारे दोन हजार वर्षांचे आहेत.