विजेच्या बिलात जादा गेलेले पैसे

मीटर बंद असेल किंवा रीडिंग घेतले गेले नसेल, तर विजेचे बिल सरासरीने येते. वापर कमी असूनही आपली मंडळी ते मुकाट्याने भरतात. हातावर पोट असलेल्या घरात ही रक्कम लहान नसते. ती परत मागणे हा ग्राहकाचा हक्क आहे.

प्रथम बिलातील चालू रीडिंग मीटरशी ताडून पाहावे. थकबाकीच्या जागी वजा चिन्ह असेल, तर तेवढे पैसे आपल्या खाती जमा आहेत असे समजावे. ते पुढील बिलांतून वळते होतात. तसे न झाल्यास उपविभागीय कार्यालयात लेखी अर्ज द्यावा. बिले व पावत्यांच्या झेरॉक्स जोडाव्यात आणि आपल्या प्रतीवर तारखेसह पोच घ्यावी. आम्ही बँकेत रोज पाहतो, ज्याच्याकडे कागद त्याचेच म्हणणे टिकते.

विद्युत अधिनियम, २००३ च्या कलम ६२(६) नुसार ठरलेल्या दरापेक्षा जादा घेतलेली रक्कम बँक दराच्या व्याजासह वसूल करता येते. कलम ४७ नुसार सुरक्षा ठेवीवरही व्याज मिळते; वीजजोड कायमचा बंद केल्यास ठेव परत मागावी. दाद लागली नाही तर कलम ४२ खालील ग्राहक तक्रार निवारण मंचाकडे आणि त्यानंतर विद्युत लोकपालाकडे जाता येते. मात्र विलंब करू नये.

विद्यार्थी मित्रांनी शेजारच्या वृद्धांची बिले वाचून द्यावीत, अर्ज लिहून द्यावेत. शिक्षणाचा असाही उपयोग व्हावा, एवढीच आमची अपेक्षा.