जमिनीची नाडी (भाग ६) : हादऱ्याच्या आधीचे काही सेकंद

११ डिसेंबर १९६७च्या पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी कोयनेचा भूकंप झाला, तेव्हा धरणाच्या आत एक त्वरणमापक बसवलेला होता. धरणाच्या अक्षाच्या दिशेने गुरुत्वत्वरणाच्या ०.६३ पट इतके कमाल त्वरण त्याने टिपले. जगभरचे धरण-अभियंते आजही ती नोंद अभ्यासतात. पण त्या पिढीतल्या यंत्रांची एक मर्यादा होती. फोटोचा कागद वाया जाऊ नये म्हणून ती एरवी बंद असत आणि हादरा बसला की सुरू होत. साहजिकच पहिली थरथर कागदावर येतच नसे.

भूकंप कुठे झाला हे शोधायला नेमकी तीच लागते. ती पहिली थरथर म्हणजे पी लहर. कवचात ती सेकंदाला साधारण ६ किलोमीटर धावते आणि मागून येणारी एस लहर सुमारे साडेतीन. दोघींमधले अंतर मोजताना एका सेकंदाची चूक झाली, तर केंद्र ८ किलोमीटर सरकते.

गेल्या आठवड्यात संगणकाला जोडलेल्या जिओफोनला पहिली थरथर हुकण्याची अडचण नाही. संगणकाच्या स्मृतीत शेवटचे ३० सेकंद सतत फिरते ठेवायचे. नवा नमुना आला की सर्वांत जुना पुसला जातो. ट्रिगर, म्हणजे नोंद सुरू करण्याचा इशारा, लागला की हे मागचे ३० सेकंदही नोंदीला जोडायचे.

ट्रिगर लावायचा कशावर? ठरावीक उंचीची रेषा आखली, तर रात्री ती फार वर असते आणि दिवसा एसटी गेली तरी ओलांडली जाते. म्हणून दोन सरासऱ्या घेतात : एक गेल्या सेकंदाची, दुसरी गेल्या ३० सेकंदांची. पहिली दुसरीच्या चौपट झाली की घटना सुरू, दीडपटीखाली आली की संपली. हे आकडे आपापल्या जागेनुसार बदलावेत. मात्र घटना चालू असताना लांब सरासरी गोठवून ठेवा. नाहीतर भूकंपच तिला फुगवतो, गुणोत्तर पडते आणि नोंदीचे शेपूट कापले जाते.

या गुणोत्तराला कच्चा संकेत देऊन भागत नाही. समुद्राच्या लाटांमुळे जमीन काही सेकंदांच्या संथ लयीत सतत हलत असते, आणि पावसाळ्यात अरबी समुद्र खवळला की कोकणात ही हालचाल बरीच वाढते. जवळच्या भूकंपासाठी १ ते १० हर्ट्झचा पट्टा ठेवून बाकीचे गाळले, तर ट्रिगर बराच शहाणा होतो. एक गाळण मात्र अंकांत रूपांतर होण्याआधीच हवी. सेकंदाला १०० नमुने घेताना ७० हर्ट्झची एखाद्या मोटरची थरथर आत शिरली, तर ती ३० हर्ट्झचे सोंग घेऊन बसते. मग कोणताही फिल्टर तिला ओळखू शकत नाही.

आता माझा आग्रह. गाळलेला संकेत ट्रिगरला द्या, साठवा मात्र कच्चा. आलेख देखणा दिसावा म्हणून बरेच जण नोंद पुढून आणि मागून अशी दोनदा गाळतात. त्याने लहरींचे शिखर जागेवर राहते, पण ऊर्जा थोडी मागे सांडते आणि पी लहर प्रत्यक्षाआधीच आल्यासारखी भासते. एकदा तशी साठवलेली नोंद पुन्हा सरळ होत नाही. आणि जागेची काटकसर तरी कशासाठी? प्रत्येक नमुन्याला ४ बाइट धरले, तर दिवसाचे सुमारे ३५ मेगाबाइट होतात, वर्षाचे १३ गिगाबाइटच्या आत. तेव्हा सगळेच जपावे आणि ट्रिगरने त्यात फक्त खुणा कराव्यात. आज हुकलेला कोयनेचा एखादा बारीक धक्का उद्या वेगळ्या पट्ट्यातून गाळला की सापडू शकतो.

ट्रकचा धक्का ओळखायचा उत्तम उपाय म्हणजे दुसरे यंत्र. दहा किलोमीटरवरच्या मित्राकडेही दोन-तीन सेकंदांच्या आत ट्रिगर लागला, तर तो ट्रक नव्हे. पण त्यासाठी दोन्ही घड्याळे एकाच वेळेला बांधलेली हवीत. पुढच्या भागात जीपीएसवरून वेळ कशी घ्यायची ते पाहू.