दुखणे आहे, कामही राहू द्या

जालन्याच्या औद्योगिक वसाहतीत लोखंडी सळईचे कारखाने आहेत. लालबुंद सळईपुढे उभे राहणारे कितीतरी गडी जवळपासच्या खेड्यांतले. अशा गड्याला क्षय झाला, की घरात दुखण्याइतकाच घोर नोकरीचा लागतो. मग खोकला लपवला जातो, औषध अर्धवट सुटतं, आणि बरा होणारा रोग चिवट होऊन बसतो.

वास्तविक साध्या क्षयाला बहुधा सहा महिन्यांचं औषध पुरतं, आणि सरकारी दवाखान्यात ते फुकट मिळतं. औषध लागू पडलं, की काही आठवड्यांतच रोग दुसऱ्याला लागण्याचं भय पुष्कळ कमी होतं. डॉक्टरांनी सांगितलं, की माणूस कामावर परतू शकतो.

पण मधले दिवस घर कसं चालावं? त्यासाठी कामगार राज्य विमा योजना आहे. ती १९५२ साली कानपूर आणि दिल्ली येथे सुरू झाली. वर्गणी भरणाऱ्या कामगाराला आजारपणात वर्षाकाठी ९१ दिवसांपर्यंत मजुरीच्या ७० टक्के भत्ता मिळतो. क्षय, कर्करोग अशा ३४ दीर्घ आजारांत, नोकरीच्या व वर्गणीच्या अटी पुऱ्या असल्यास, ८० टक्के भत्ता दोन वर्षांपर्यंत मिळू शकतो. तेव्हा आपली वर्गणी कापली जाते का, हे धडधाकट असतानाच विचारून ठेवावं.

मधुमेह, संधिवात ही दुखणी मात्र जन्माची सोबत. तिथे कामाचीच मांडणी बदलावी लागते. मधुमेह्याला जेवणाची सुट्टी वेळेवर हवी. इन्सुलिन घेणाऱ्याला घाम फुटून हातपाय थरथरू लागले, तर शुद्धीवर असतानाच त्याला साखर खायला द्यावी. म्हणून सोबत्यांना त्याचं दुखणं ठाऊक असावं. गुडघे धरलेल्या गुरुजींचा वर्ग माडीवरून खाली आणला, तर शाळेचं काय अडतं?

सरकारी किंवा जिल्हा परिषदेच्या नोकरीत असताना अपंगत्व आलं, तर २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यानुसार माणसाला काढता येत नाही. झेपेल असं दुसरं काम त्याच पगारावर द्यावं लागतं. खासगी कारखान्याला हे कलम लागू नाही. तिथे मालकाची समज हवी. शेतमजुराच्या बाबतीत तर सारी भिस्त गावावरच.

बैल लंगडला, तर शहाणा शेतकरी त्याला नांगराला जुंपत नाही, पण दावणीवरून सोडूनही देत नाही. औषध करतो, पाय सावरेतो हलक्या कामाला लावतो. माणसाच्या वाट्याला एवढं तरी यावं.