पग की पॉमेरियन? आधी मे महिना आठवा

'चांगले गुण मिळव, मग कुत्र्याचं पिल्लू आणू,' असं आईबाबा एकदा बोलून जातात. ते विसरतात, मुलं विसरत नाहीत. निकाल हातात पडतो आणि घरात वादाला तोंड फुटतं.

झाशीत सीपरी बाजाराच्या बाजूला राहणाऱ्या एखाद्या मराठी घराचं चित्र डोळ्यांसमोर आणा. मुलाला पग हवाय. चपटं नाक, कपाळावर आठ्या, मोठे डोळे. बघताक्षणी हसू यावं असा चेहरा. आईला हवाय पॉमेरियन, पांढराशुभ्र, झुपकेदार शेपटीचा. बाबांचं म्हणणं, काहीही आणा, पण लहान आणा, खाण्याचा खर्च बेताचा हवा. आजींना दोन्ही नकोत. ''केस देवघरापर्यंत येणार आणि चार दिवसांनी त्याला फिरवायला मलाच लागणार,'' हे त्यांचं भाकीत. अनुभव असा, की आजींचं भाकीत सहसा खरं ठरतं.

या सगळ्या चर्चेत रूप येतं, किंमत येते, नावसुद्धा ठरून जातं. मे महिन्याचा विषय मात्र कुणी काढत नाही. झाशीत मे महिन्यात पारा ४५ अंशांवर जाणं ही काही बातमी होत नाही. २८ मे २०२४ रोजी तर तो ४९ अंशांवर गेला होता. बुंदेलखंडातली ती लू, दुपारी ओस पडलेले रस्ते, ऐन वेळी जाणारी वीज. या सगळ्यात ते पिल्लू त्याच घरात असणार आहे.

आवड आली कुठून?

दोघांचीही लोकप्रियता पडद्यावरून घरात शिरलेली आहे. १९९४ मध्ये 'हम आपके हैं कौन' आला आणि त्यातल्या टफीने घराघरांतल्या मुलांना वेड लावलं. २००३ मध्ये हच या मोबाइल कंपनीच्या जाहिरातीत एका लहान मुलाच्या मागोमाग चालणारा पग दिसला आणि पांढऱ्या टफीची जागा त्याने घेतली. त्याआधी आपल्याकडे पग क्वचितच कुणाकडे असे.

मुळात पग चीनमधला. तिथल्या राजवाड्यांतून तो हॉलंडमार्गे युरोपभर पसरला. पॉमेरियनचे पूर्वज उत्तर युरोपातल्या थंडीतले. व्हिक्टोरिया राणीने १८८८ मध्ये इटलीतल्या फ्लॉरेन्समध्ये लहान चणीचे पॉमेरियन पाहिले आणि तिच्यामुळे त्यांची फॅशन झाली. पगही तिच्या आवडीचे होते. जिच्या राज्यकाळात १८५८ साली इंग्रजी फौजांनी झाशीला वेढा घातला, त्याच राणीच्या आवडीनिवडीवरून आज झाशीतल्या घरात भांडण व्हावं, हीसुद्धा गंमतच.

मात्र आपण ज्याला सरसकट 'पॉम' म्हणतो तो बहुधा अस्सल पॉमेरियन नसतोच. तो इंडियन स्पिट्झ. इंग्रजांनी एकोणिसाव्या शतकात आणलेल्या जर्मन स्पिट्झपासून इथंच पिढ्यान् पिढ्या वाढलेला. टफीसुद्धा हाच. याचं तोंड कोल्ह्यासारखं लांबट असतं, वजन साधारण पाच ते सात किलो; त्याचा मोठा प्रकार याहून बराच वजनदार असतो. अस्सल पॉमेरियन दीड ते तीन किलोंचा, जेमतेम ओंजळभर. हल्ली 'टॉय पॉम' म्हणून भारी किमतीला विकला जातो तो हा. विकणारा नेमकं काय देतोय हे आधी विचारून घ्या. किंमत एकाची आणि पिल्लू दुसऱ्याचं, असंही होऊ शकतं.

सारा खेळ नाकाचा

माणसाला घाम येतो आणि अंग थंड होतं. कुत्र्याला आपल्यासारखा घाम येत नाही. थोडासा येतो तो पंजांच्या तळव्यांना. अंगातली उष्णता बाहेर टाकायचा त्याचा मुख्य मार्ग म्हणजे धापा टाकणं. जीभ, तोंड आणि नाकाच्या आतला ओलावा वाऱ्यावर सुकतो आणि रक्त थंड होतं. नाक जितकं लांब, तितकी ही आतली जागा जास्त.

पगच्या बाबतीत माणसाने नेमकी हीच जागा काढून घेतली आहे. चेहरा सपाट व्हावा म्हणून पिढ्यान् पिढ्या निवड करत गेलं. हाडं आखूड झाली, पण आतला मऊ भाग तेवढाच राहिला. टाळूचा मागचा पडदा लांब, नाकपुड्या चिमटलेल्या. त्यामुळे आपल्याला गोड वाटणारं त्याचं घोरणं अनेकदा श्वास अडकल्याची खूण असते. लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजने २०२२ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. त्यानुसार ब्रिटनमधल्या पगना इतर कुत्र्यांच्या मानाने आजार होण्याची शक्यता जवळपास दुप्पट आढळली. तीही ब्रिटनच्या हवेत!

कूलर आहे की, असं कुणी म्हणेल. मे महिन्यात झाशीची हवा कोरडी असते, तेव्हा वाळ्याचे किंवा गवताचे ताटे लावलेला कूलर खोली छान थंड करतो. जुलैत पाऊस सुरू झाला, की तोच कूलर नुसता दमट वारा फेकतो. ज्या कारणाने कूलर निरुपयोगी होतो, त्याच कारणाने कुत्र्याची धापसुद्धा निरुपयोगी होते. दमट हवेत ओलावा सुकतच नाही. म्हणजे पगसाठी जुलै-ऑगस्टही सोपे नाहीत. एसी असला तरी वीज गेल्यावर घरचा साधा इन्व्हर्टर पंखे चालवतो, एसी नाही.

उष्माघाताची लक्षणं घरातल्या प्रत्येकाला ठाऊक असावीत, अगदी शाळकरी मुलांनाही. धाप थांबेनाशी होणं, घट्ट चिकट लाळ, आधी लालभडक आणि मग फिकट किंवा निळसर पडणाऱ्या हिरड्या, झोकांड्या, उलटी. अशा वेळी रिक्षा शोधत बसू नका. आधी अंगावर भरपूर पाणी ओता, पंख्याखाली ठेवा, मग डॉक्टरांकडे न्या. वाटेतही अंग ओलं ठेवा. ओला टॉवेल गुंडाळून ठेवायचा नाही, त्याने उष्णता आतच कोंडते. आणि गच्चीवरच्या टाकीचं पाणी मे महिन्यात दुपारी हाताला पोळतं, तेव्हा नळ सोडण्याआधी माठ रिकामा करा.

मग पॉम बिनघोर का?

तसंही नाही. त्याच्या अंगावर केसांचे दोन थर असतात, आतला लोकरीसारखा मऊ आणि बाहेरचा लांब. उन्हाळा लागला की दया येऊन लोक त्याला न्हाव्याने करावं तसं गोटा करून आणतात. ही चूक करू नका. बाहेरचे केस उन्हापासून त्वचेचं रक्षण करतात आणि एकदा मुळापासून कापलेले केस पुन्हा नीट येतीलच असं नाही. आठवड्यातून दोन-तीनदा ब्रशने आतले मेलेले केस काढले, की वारा त्वचेपर्यंत पोचतो. पंजांमधले आणि पोटाखालचे केस थोडे कमी केले तर चालतात. पावसाळ्यात याच दाट केसांत गोचीड लपतात आणि त्यांच्यापासून ताप येतो, म्हणून कानांमागे आणि बोटांच्या बेचक्यात रोज हात फिरवून बघा.

स्वभावाने तो सावध, थोडा तिरसट. दारावर दूधवाला आला तरी भुंकणार, समोरच्या गॅलरीत मांजर दिसलं तरी भुंकणार. शेजार भिंतीला भिंत लागून असेल तर याचा विचार करा. शेपटी ओढणाऱ्या दोन-तीन वर्षांच्या मुलाला तो दात दाखवू शकतो. इथं पग नक्कीच उजवा. तो मुलांचा धुडगूस सहन करतो, कमी भुंकतो, कुणाच्याही मांडीवर जाऊन पसरतो. अर्थात लहान मूल आणि कुत्रा, मग तो कुठल्याही जातीचा असो, एका खोलीत एकटे ठेवायचे नाहीत.

आजींच्या केसांच्या तक्रारीवर मात्र दोघेही सारखेच दोषी. आखूड केसांचा म्हणून पग गळत नाही, हा गैरसमज आहे. त्याचे बारीक, टोकदार केस चादरीत आणि सोफ्यात रुतून बसतात. पॉमचे निदान झाडूला तरी सापडतात. शिवाय पगच्या चेहऱ्यावरच्या घड्या रोज कोरड्या पुसाव्या लागतात आणि बाहेर आलेले डोळे जपावे लागतात.

तुमचं घर कसं आहे?

एकाच झाशीत दोन घरांसाठी उत्तर वेगळं येऊ शकतं. जुन्या शहरातलं जाड भिंतींचं, खालच्या मजल्यावर गार अंधारी खोली असलेलं घर असेल, दिवसभर घरात कुणीतरी मोठं माणूस असेल, तर पग निभावून नेता येईल. नव्या कॉलनीत गच्चीखालच्या मजल्यावरचा फ्लॅट, आईबाबा दोघंही नोकरीवर आणि मुलं दुपारी दोनला घरी येणार, अशा घरी पग आणणं म्हणजे त्याच्या जिवाशी खेळ. तिथं लांबट नाकाचा इंडियन स्पिट्झच घ्यावा, तोही दुपारी सावली, वारा आणि पाणी यांची सोय होणार असेल तरच. आणि खरं सांगायचं तर या हवेत सगळ्यात सुखाने राहतं ते गल्लीतलं देशी पिल्लू. त्याचं नाव मात्र अशा चर्चेत सहसा निघत नाही.

झाशीतल्या मराठी घरांची आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्याची सुट्टी लागली की पुण्याला किंवा मुंबईला माहेरी, लग्नकार्याला जायचं असतं, तेही मे महिन्यातच. रेल्वेच्या नियमानुसार कुत्र्याला सोबत घ्यायचं तर एसी फर्स्ट क्लासचा पूर्ण कूपे किंवा केबिन तुमच्या नावावर हवी. नाहीतर त्याची रवानगी गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात होते. मे महिन्यात तापलेल्या लोखंडी डब्यात चपट्या नाकाचं जनावर कोंडून पाठवायचा विचारही करू नका. अनेक विमान कंपन्याही अशा कुत्र्यांना सामानाच्या कक्षातून नेत नाहीत. तेव्हा पंधरा दिवस कुणाकडे ठेवणार, हे पिल्लू आणायच्या आधी ठरवा. 'शेजारच्या काकू बघतील' हे काकूंना विचारून ठरवा.

फिरवणं उन्हाळ्यात पहाटे आणि रात्री उशिरा. संध्याकाळी सात वाजताही डांबरी रस्ता तापलेला असतो. आपल्या हाताची मागची बाजू रस्त्यावर सात-आठ सेकंद टेकवून बघा, सोसवत नसेल तर त्याच्या पंजांनाही सोसवणार नाही. पॉमची श्वासनळी नाजूक असते, म्हणून गळ्यात पट्ट्याऐवजी छातीला बांधायचा हार्नेस घ्या. पगलाही तोच बरा.

खाण्याबाबत एकच गोष्ट ठळक सांगायची. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा त्याला प्रेमाने भरवू नका. त्यातले बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात. कांदा आणि चॉकलेटही वर्ज्य. पगला तर साधी पोळीसुद्धा मोजून द्या. तो खाण्याचा लोभी असतो आणि वाढलेलं वजन आधीच तोकड्या श्वासावर येऊन बसतं.

पिल्लू पारखताना

२०१७ च्या केंद्र सरकारच्या नियमांप्रमाणे कुत्र्यांची पैदास करून विकणाऱ्याने राज्याच्या पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी केलेली हवी आणि आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू त्याने विकता कामा नये. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. पिल्लू बाजारात किंवा चौराह्यावर भेटून घेऊ नका. जिथं जन्मलं तिथं जा आणि त्याची आई दाखवा म्हणा. पग घेत असाल तर आईचा श्वास ऐका. ती बसल्या जागी घरघरत असेल, तर पिल्लू कितीही गोंडस दिसो, तसेच परत या. पिल्लाच्या नाकपुड्या चिरेसारख्या मिटलेल्या नकोत, उघड्या गोल हव्यात.

लसींचं वेळापत्रक पशुवैद्याकडून लिहून घ्या. पार्व्हो आणि डिस्टेंपरच्या लसी सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू होतात, रेबीजची साधारण तीन महिन्यांचं झाल्यावर. कुत्रा घरचा असला तरी चावला तर जखम साबणाने वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुऊन डॉक्टरांकडे जायचं, हे मुलांना पहिल्याच दिवशी सांगा.

आणि निकालाचं बक्षीस म्हणून एप्रिलमध्ये पिल्लू आणू नका. दोन महिन्यांचं पोर थेट लूच्या तोंडी जातं, वर सुट्टीतल्या प्रवासाचा घोळ. मुलाला कबूल केलंय तर तारीख कबूल करा: दिवाळीचे फटाके थांबले की दुसऱ्या आठवड्यात. थंडीत लसी पुऱ्या होतात, कोवळ्या उन्हात शी-शूची सवय लागते आणि मे उजाडेपर्यंत ते सात-आठ महिन्यांचं झालेलं असतं. मधल्या सहा महिन्यांत मुलाला रोज पहाटे साडेपाचला उठून एक फेरी मारून यायला सांगा, कुत्र्याशिवाय. आजी खिडकीतून मोजतीलच.