डिस्कची जागा पाहता, वेगही पाहा

दादरला कीर्ती कॉलेजच्या रस्त्यावर लोकमान्य विदेश संचार भवन आहे. १५ ऑगस्ट १९९५ रोजी देशात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू करणाऱ्या विदेश संचार निगमची ही वास्तू आता टाटा कम्युनिकेशन्सकडे आहे. याच इंटरनेटवरून पुढे दूरचे सर्व्हरही वापरता येऊ लागले. जून २०१६मध्ये अॅमेझॉनने क्लाउडचा मुंबई विभाग सुरू केला आणि याच शहरातला सर्व्हर तासावर भाड्याने मिळू लागला. त्याला जोडायची डिस्क, म्हणजे व्हॉल्यूम, मात्र आपणच निवडायची असते. तिथे बहुतेक जण फक्त किती जीबी एवढंच बघतात.

परळमधलं एखादं रुग्णालय डोळ्यांसमोर आणा. सकाळी केसपेपरच्या खिडकीवर रांग लागते आणि प्रत्येक नोंदीसाठी डेटाबेस डिस्कवर बारीकबारीक वाचन-लेखन करतो. अॅमेझॉनच्या व्हॉल्यूमच्या जुन्या ‘जीपी२’ प्रकारात वेग आकाराला बांधलेला आहे: एका जीबीमागे सेकंदाला वाचन-लेखनाच्या ३ क्रिया. १०० जीबीच्या डिस्कला हक्काच्या ३०० मिळतात. गर्दीत ती ३०००पर्यंत धावते, पण शांत वेळेत न वापरलेल्या क्रियांच्या साठवलेल्या पुंजीवर, आणि ती पुंजी अर्ध्या तासात संपते. मग नेमकी ऐन गर्दीत स्क्रीन अडकते आणि दोष इंटरनेटला दिला जातो. २०२०च्या अखेरीस आलेल्या ‘जीपी३’मध्ये आकार कितीही असो, ३००० क्रिया कायम मिळतात. माझ्या मते नव्या सर्व्हरसाठी ‘जीपी२’ घेण्याचं आता काही कारण उरलेलं नाही.

मोठमोठ्या लॉग फाइल्स सलग वाचायच्या असतील, तर फिरत्या तबकडीची स्वस्त हार्ड डिस्क पुरते. डेटाबेस तिच्यावर ठेवू नये.

मांडणी करताना ऑपरेटिंग सिस्टिम आणि डेटा यांचे व्हॉल्यूम वेगळे ठेवा, कारण सर्व्हर कायमचा काढून टाकला की मूळ व्हॉल्यूम सहसा त्याच्याबरोबरच पुसला जातो. एन्क्रिप्शन पहिल्याच दिवशी चालू करा. लिनक्सवर डिस्क तिच्या यूयूआयडीने, म्हणजे तिच्या कायमच्या ओळख क्रमांकाने जोडा, कारण रीस्टार्टनंतर उपकरणांची नावं बदलू शकतात.

व्हॉल्यूम विभागातल्या एकाच झोनमध्ये, म्हणजे डेटा सेंटरच्या एकाच गटात राहतो; स्नॅपशॉट, म्हणजे त्याची एका क्षणाची प्रत, मात्र संपूर्ण विभागात वापरता येतो. १२ ऑक्टोबर २०२०च्या सकाळी मुंबईची वीज गेली, तो दिवस आठवा आणि एक प्रत दुसऱ्या शहरातल्या विभागातही ठेवा. स्नॅपशॉटमधून उभी केलेली डिस्क सुरुवातीला मंद चालते, कारण प्रत्येक ब्लॉक पहिल्या वाचनाच्या वेळी स्नॅपशॉटमधून आणला जातो. म्हणून स्नॅपशॉट नुसते घेऊन ठेवू नका. एखाद्या रविवारी त्यातून सर्व्हर उभा करा आणि किती वेळ लागतो ते घड्याळ लावून बघा.