स्प्रिंगला आवरणारी तेलाची नळी

मुरबाडहून माळशेज घाटाकडे निघालेली जीप पावसाळ्यात खड्ड्यात आदळते, तेव्हा पहिला धक्का पाटे किंवा स्प्रिंग झेलतात. पण दबलेली स्प्रिंग साठवलेली ऊर्जा लगेच परत फेकते. तिला कोणी आवरलं नाही, तर खड्डा मागे पडला तरी गाडी उसळतच राहील. आवरण्याचं हे काम शॉकअपचं.

त्याची रचना साधी आहे. नळीत तेल, तेलात दट्ट्या आणि दट्ट्याला बारीक छिद्रं व झडपा. चाक हललं की दट्ट्या सरकतो आणि तेलाला त्या अरुंद वाटेतून जावं लागतं. हालचाल संथ असेल तर तेल सहज वाट देतं. झटका जोराचा असेल तर तितक्याच जोराने अडवतं. या झटापटीत हालचालीची ऊर्जा उष्णतेत बदलते. खराब रस्त्यावरून आलेल्या गाडीचा शॉकअप हाताला गरम लागतो तो त्यामुळेच.

खरी कारागिरी झडपांत आहे. स्प्रिंग दबताना विरोध कमी आणि उसळताना जास्त, असं गणित बहुतेक गाड्यांत ठेवतात. दबतानाच शॉकअप कडक झाला, तर खड्डा थेट प्रवाशाच्या कमरेला लागेल. सततच्या धावपळीत तेलाला फेस आला की पकड सुटते. म्हणून अनेक शॉकअपांत दाबाखाली नायट्रोजन भरलेला असतो.

मध्य रेल्वेच्या मार्गावरच्या मुलुंडला, १९६१ साली स्थापन झालेल्या गॅब्रिएल इंडियाने अमेरिकेच्या मॅरेमाँट कंपनीच्या सहकार्याने असे शॉकअप बनवायला सुरुवात केली.

याच मार्गाने आसनगाव, कसाऱ्यावरून धावणाऱ्या लांब पल्ल्याच्या रेल्वेगाड्याही शॉकअपच्याच तत्त्वावर विसंबून असतात. जुन्या आयसीएफ डब्यांत चाकांजवळच्या स्प्रिंगांमध्ये तेलाचे डॅशपॉट असतात. नव्या एलएचबी डब्यांत बोगीची नागमोडी हालचाल रोखणारे आडवे डॅम्परही असतात.

शॉकअप थकला की चाक रस्त्यावर नीट टेकत नाही. ब्रेक उशिरा लागतो, टायर ठिकठिकाणी झिजतो आणि घाटातल्या वळणावर गाडी हाताबाहेर जाऊ शकते. म्हणून नळीवर तेलाचे ओघळ दिसले किंवा कोपरा दाबून सोडल्यावर गाडी डोलतच राहिली, तर गॅरेज गाठा आणि एकाच आसावरचे दोन्ही शॉकअप जोडीने बदला.